जाळरेषा

फोनवर सूचना आली : उष्णतेची लाट.
आम्ही हसलो.
लाट विदर्भाची. आमच्याकडे खाडी आहे,
आमच्याकडे फार तर उकाडा,
अंगाला चिकटलेलं बनियन, चौथी आंघोळ.

अकोल्याच्या बोंडेकाकू तेवढ्या हसल्या नाहीत.
त्यांनी नातवाच्या दप्तरात कांदा टाकला,
बाल्कनीला ओलं गोणपाट बांधलं,
आणि मी, सोसायटीचा सेक्रेटरी,
त्यांना लेखी कळवलं : दर्शनी भागाची शोभा जाते.

मार्च सरता सरता वारा फिरला.
खाडीवरून यायचा तो डोंगराकडून येऊ लागला,
भट्टीचं दार कुणी उघडं टाकून गेल्यासारखा.
तिसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर गेला.
लिफ्ट सातव्या नि आठव्याच्या मधे लटकली.
कुरिअरचा पोरगा जिन्यात बसला तो उठेना.
मी त्याला विचारलं, गेटवर सही केलीस का?
हे मी विचारलं. लिहून ठेवतो.
काकूंनी त्याचे बूट काढले,
काखेत ओली फडकी दाबली,
मीठ-साखरेचं पाणी, चमच्या-चमच्यानं.
तासाभराने तो म्हणाला,
अजून सहा पार्सलं राहिलीत.

त्याच रात्री खारघरचा डोंगर पेटला.
दरवर्षी पेटतो. आम्ही गच्चीतून फोटो काढतो,
काळ्यावर सोन्याचा गोफ.
यंदा गोफ खाली सरकला.
आधी गवत, मग रानमोडी,
मग आमच्या भिंतीमागचा जुन्या गाद्यांचा, पाल्याचा ढीग,
जो आमचा नाही, महापालिकेचा आहे,
असा आमचा दोनदा ठराव झालेला.

मी तळमजल्यावरच्या लाल पेटीची काच फोडली.
नळीच्या जागी
गणपतीचं थर्माकोल, दोन पिचकाऱ्या,
कुणाच्या तरी लग्नातलं तोरण.
धावत वर गेलो.
तिसऱ्यावर झाडू. अकराव्यावर चपला.
जानेवारीत एकदा, जुलैत एकदा,
सर्व यंत्रणा सुस्थितीत
या ओळीखाली सही माझी.
वळणदार आहे. शाळेत अक्षराला बक्षीस होतं.

बंब वळणावर अडकला,
दोन्ही बाजूंना आमच्याच गाड्या.

आणि वरून, धुरातून, माणसं उतरली. वाडीवरची.
पुढे नवशी शीद, जी करवंदं विकायला येते
आणि जिच्यासाठी लिफ्टवर पाटी
मीच लावलीय.
हातात ओल्या पाल्याच्या फांद्या.
जळून काळी झालेली जमीन पायाखाली ठेवून
ती कडेकडेनं येत होती,
आगीला मारत नव्हती, थोपटत होती,
हट्टी पोराला निजवावं तसं.
"पाणी काय शोधता," ओरडली, "गवत खरवडा!"
खरवडा. आम्ही. कशानं?
रामसजीवनकडे एक फावडं होतं.
काकूंनी उलथणं आणलं.
मी केराची सुपली.

पहाटे भिंत उभी होती, काजळलेली.
तिच्यापुढे हातभर रुंद उघडी माती,
पोरानं पहिल्यांदा पाटीवर ओढलेल्या रेघेसारखी
वाकडी.

नवशी ओट्यावर बसून पाणी प्यायली.
"पौषात करायचं असतं हे. जाळरेषा.
गवत उभं वाळलं की पट्टा काढायचा.
आम्ही काढायचोच की.
मग तुम्ही तार घातली."
आवाजात राग नव्हता,
करवंदांचा भाव सांगावा तसं सांगितलं,
आणि ग्लास विसळून पालथा ठेवला.

जुलैचा कागद आलाय. टेबलावर आहे.
सही तयार आहे, बोटांत, नेहमीसारखी.
ती तशीच ठेवून मी पेट्या उघडायला निघालो,
घराच्या दारापासून, म्हणजे अकराव्यापासून.
बॅटरी धरून नीट पाहिलं.
चपलांतला एक जोड
माझाच निघाला.